केमो नको, नुसती अँटीबॉडी चालेल का?

पत्र: माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६४ वर्षांचे आहेत. सातारा जिल्ह्यात शेती करतात. उंची साडेपाच फुटांना एक इंच कमी, वजन ६२ किलो. मानेत गाठ आली तेव्हा टीबी समजून दीड महिना गोळ्या झाल्या, पण गाठ वाढतच गेली. मग पुण्यात गाठ काढून तपासली आणि ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ हा पांढऱ्या पेशींचा कर्करोग निघाला. पोटातही गाठी आहेत. डॉक्टरांनी ‘आर-चॉप’च्या, म्हणजे रिटुक्सिमॅब ही अँटीबॉडी अधिक ‘चॉप’ ही केमो, अशा सहा सायकल (फेऱ्या) सांगितल्यात. खर्चाच्या कागदावर निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या रिटुक्सिमॅबची आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांना नुसत्या अँटीबॉडीवर बरं वाटलं, केसही गेले नाहीत. मग अण्णांना केमो कशाला? दुसरं, डॉक्टर म्हणतात भारतीय कंपनीचं औषध चालेल. भाऊ म्हणतो ओरिजिनलच घेऊ, जमिनीचा तुकडा विकू. तिसरं, पहिल्या सलाइनला जोराची रिअॅक्शन येते असं ऐकून आई घाबरली आहे. अण्णांना बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर:

जमिनीचा तुकडा विकायची घाई करू नका. बाकीचं खाली सविस्तर आहे, पण भावाला एवढं आज रात्रीच सांगा. औषधाच्या खोक्यावर कुठल्या कंपनीचं नाव आहे, यावर अण्णांचं बरं होणं ठरत नाही. ते ठरतं दोन साध्या तपासण्यांवर, पहिल्या सलाइनच्या पाच-सहा तासांवर आणि सहाही सायकल वेळेवर पार पडण्यावर.

तुमचे ओळखीचे गृहस्थ खोटं बोलत नाहीत. लिम्फोमा हे एका आजाराचं नाव नसून डझनावारी आजारांचं आडनाव आहे. त्यातले काही सावकाश चालणारे असतात. फॉलिक्युलर लिम्फोमा त्यातलाच. गाठी थोड्या आणि लहान असतील तर अशा रुग्णाला नुसतं रिटुक्सिमॅब आठवड्याला एक असं चारदा देतात; कधी कधी तर काहीच न देता वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवतात. अण्णांचा प्रकार वेगात वाढणारा आहे. यात एकटी अँटीबॉडी दिली तर गाठी काही काळ आकसतात आणि परत येतात. गंमत अशी, की हा वेगच उपचाराच्या बाजूने पडतो: भराभर विभागणाऱ्या पेशींवर केमो चांगली चालते. म्हणून हा लिम्फोमा पोटापर्यंत पसरलेला असूनही पूर्ण बरा करण्याच्या इराद्यानेच उपचार सुरू होतात. सावकाश चालणाऱ्या प्रकारांबद्दल असं सहसा म्हणता येत नाही.

रिटुक्सिमॅब काय करतं ते थोडक्यात. आपल्या बी-पेशींच्या (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, अण्णांचा लिम्फोमा त्यांचाच) पृष्ठभागावर सीडी२० नावाचं प्रथिन असतं. ही अँटीबॉडी फक्त त्यालाच चिकटते. चिकटली की त्या पेशीवर खूण होते आणि शरीरातल्या मारेकरी पेशी व रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं तिच्यावर तुटून पडतात. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर सीडी२० नसतं, केसांच्या मुळांत नसतं, तोंडाच्या अस्तरातही नसतं. म्हणून नुसत्या अँटीबॉडीने केस जात नाहीत, तोंड येत नाही. अण्णांचे केस जातील ते चॉपमधल्या डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइडमुळे, आणि उपचार संपल्यावर ते परत येतील.

दोन्ही एकत्र कशासाठी, याचं उत्तर २००२ साली मिळालं. फ्रान्स आणि शेजारच्या देशांतल्या डॉक्टरांनी ६० ते ८० वयाचे, म्हणजे अण्णांच्याच वयाचे, याच आजाराचे ३९९ रुग्ण घेतले. काहींना नुसतं चॉप दिलं, काहींना चॉप अधिक रिटुक्सिमॅब. आजाराची खूण पूर्ण गेली असे रुग्ण नुसत्या चॉपमध्ये ६३ टक्के होते, जोडीत ७६ टक्के. दोन वर्षांनी हयात होते अनुक्रमे ५७ आणि ७० टक्के. केमो दोन्ही गटांना होती हे विसरू नका. ‘आर’ काढला तर अण्णांचं नुकसान आहे, आणि ‘चॉप’ काढलं तर त्याहून मोठं.

आता त्या दोन तपासण्या. बायोप्सीच्या फाइलमध्ये ‘इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री’ (गाठीतल्या पेशींवरच्या प्रथिनांची तपासणी) असं लिहिलेला कागद शोधा. त्यात सीडी२०, सीडी३, सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१, केआय-६७ अशी नावं एकाखाली एक असतील. सीडी२० समोर ‘पॉझिटिव्ह’ हवं. ते नसेल तर रिटुक्सिमॅबला चिकटायला जागाच नाही आणि एवढ्या खर्चाला काही अर्थ उरत नाही. या प्रकारात ते जवळपास नेहमी असतं, तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याच कागदावर केआय-६७ समोर ७० किंवा ८० टक्के असा आकडा दिसेल आणि घरात रडारड होईल. ‘८० टक्के शरीरात पसरला’ असा त्याचा अर्थ नाही. गाठीतल्या शंभरातल्या ऐंशी पेशी त्या घडीला विभागणीच्या चक्रात होत्या, इतकंच. गाठीचा पसारा पेट स्कॅन सांगतो, हा आकडा नाही.

एक प्रश्न डॉक्टरांना मुद्दाम विचारा: एमवायसी आणि बीसीएल२ या जनुकांची ‘फिश’ तपासणी झाली का? दोन्हींत बदल असेल तर बरेच तज्ज्ञ आर-चॉपऐवजी अधिक कडक पद्धत निवडतात. दुसरं मत हवं असेल, मग ते परळच्या टाटा मेमोरियलचं असो की आणखी कुणाचं, नुसता रिपोर्ट नेऊ नका. गाठीचा मेणातला ब्लॉक आणि स्लाइड घेऊन जा. पॅथॉलॉजी विभागात अर्ज केला की त्या मिळतात. ब्लॉक हरवला तर गाठ दुसऱ्यांदा काढायची पाळी येते, म्हणून तो कुरिअरने पाठवू नका.

दुसरी तपासणी हिपॅटायटिस बीची. इथे आम्ही जरा जास्त थांबणार आहोत, कारण लोक हीच गोष्ट निसटू देतात. बहुतेक लॅबच्या पॅकेजमध्ये ‘एचबीएसएजी’, म्हणजे या विषाणूच्या कवचाचं प्रथिन शोधणारी, एवढीच तपासणी असते. ती निगेटिव्ह आली की सगळे निर्धास्त. पण तरुणपणी कधीतरी कावीळ होऊन गेलेली असेल, किंवा झालेली कळलीही नसेल, तर विषाणू यकृतात गपचूप बसून राहतो आणि एचबीएसएजी निगेटिव्हच दाखवतं. त्याला रोखून धरण्यात बी-पेशींचा वाटा मोठा असतो. रिटुक्सिमॅब त्याच बी-पेशी काढून टाकतं. मग चौथ्या सायकलला, किंवा उपचार संपून सहा-आठ महिन्यांनी, विषाणू उसळतो. यकृत निकामी होऊन माणूस दगावू शकतो, आणि तेही लिम्फोमा बरा झालेला असताना. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये या धोक्याची चौकटीतली इशारासूचना औषधाच्या माहितीपत्रकात ठळक केली.

म्हणून एचबीएसएजीच्या जोडीला ‘अँटी-एचबीसी टोटल’ करून घ्या. ‘टोटल’ हा शब्द चिठ्ठीवर हवाच. लॅबवाले पुष्कळदा ‘आयजीएम’ करून देतात. ती ताज्या संसर्गाची तपासणी आहे, जुना लपलेला संसर्ग तिच्यात दिसत नाही. नमुना पहिल्या सलाइनच्या आधी आणि शक्यतो रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवण्याच्या आधी द्या, कारण दुसऱ्याच्या रक्तातल्या अँटीबॉडीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पॉझिटिव्ह आलीच तर उपचार थांबत नाहीत. एंटेकॅविर किंवा टेनोफोविरची रोज एक गोळी सुरू करतात आणि शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतरही निदान १२ महिने चालू ठेवतात. काही तज्ज्ञ १८ महिने सांगतात. एंटेकॅविर रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. पेट स्कॅन स्वच्छ आला म्हणून घरच्यांनी ही गोळी आपल्या मनाने बंद करणं, ही यातली सगळ्यात नेहमीची चूक.

टीबीच्या गोळ्यांचं काय झालं ते पत्रात कळत नाही. बंद केल्या असतील तर कुठल्या तारखेला, ते डॉक्टरांना सांगा. चालू असतील तर ते आणखी महत्त्वाचं. त्यांतलं रिफॅम्पिसिन चॉपमधल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा परिणाम कमी करतं, आयसोनियाझिड यकृताला त्रास देऊ शकतं, आणि हातापायांना मुंग्या आणण्यात त्याची व चॉपमधल्याच व्हिनक्रिस्टिनची जोडी जमते. त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांनी ठरवायचं. घरात गुळवेलीचा काढा चालू असेल तर त्याचा निर्णय मात्र तुम्हीच घ्या आणि तो बंद करा. गुळवेलीमुळे यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. एकाच वेळी चार कारणं असतील तर कावीळ कशाने झाली हे ओळखता येत नाही आणि पुढची सायकल अडकून बसते. याशिवाय टू-डी इको, युरिक अॅसिड, क्रिएटिनिन, एलडीएच, एचआयव्ही, हिपॅटायटिस सी या तपासण्या डॉक्टर सांगतीलच.

भावाचा मुद्दा. रिटुक्सिमॅब नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कर्करोगावर तिथे मंजूर झालेली ती पहिलीच मोनोक्लोनल अँटीबॉडी. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये ‘रेडिटक्स’ या नावाने भारतात तिची आवृत्ती आणली, आणि त्यानंतर आणखी कंपन्यांनी. याला जेनेरिक म्हणत नाहीत, बायोसिमिलर म्हणतात, आणि तसं म्हणण्याला कारण आहे. पॅरासिटामॉलचा लहानसा रेणू रसायनं मिसळून हुबेहूब बनवता येतो. अँटीबॉडी हे त्याच्या शेकडो पट मोठं प्रथिन, हॅमस्टरच्या पेशींना मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून तयार करून घेतलेलं. दोन कारखान्यांची अँटीबॉडी रेणूगणिक सारखी निघणं अवघडच. खुद्द मूळ कंपनीच्या दोन बॅचमध्येही बारीक फरक असतो. तपासायचं असतं ते हे, की परिणाम आणि त्रास यांत फरक पडतो का. भारतात त्यासाठी २०१२ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि युरोपातही २०१७ पासून रिटुक्सिमॅबचे बायोसिमिलर वापरात आहेत. तेव्हा डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. आमची अट एकच: पहिल्या सायकलला जो ब्रँड घेतला तोच शेवटपर्यंत ठेवायचा प्रयत्न करा. मध्ये बदलल्याने काही बिघडतं म्हणून नव्हे. तिसऱ्या सायकलला काही झालं तर कशामुळे झालं ते शोधता यावं म्हणून. प्रत्येक कुपीच्या लेबलचा बॅच नंबरसह फोटो काढून ठेवा.

आणि पैसे खरंच कुठे वाचतात ते बघा. मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते: दर चौरस मीटरला ३७५ मिलिग्रॅम. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोमध्ये, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. अण्णांचे १६५ आणि ६२ घेतले तर पृष्ठफळ १.६९ चौरस मीटरच्या आसपास येतं, आणि मात्रा साधारण ६३२ मिलिग्रॅम. कुप्या मिळतात १०० आणि ५०० मिलिग्रॅमच्या. म्हणजे ५०० ची एक आणि १०० च्या दोन फोडायच्या आणि ६८ मिलिग्रॅम फेकून द्यायचे. त्यापेक्षा मात्रा ६०० केली तर ती पाच टक्क्यांनीच कमी होते. दहा टक्क्यांच्या आत अशी मात्रा जवळच्या कुपीला जुळवणं बऱ्याच कर्करोग विभागांत रूढ आहे. सहा सायकलमध्ये १०० च्या सहा कुप्या वाचतात. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘राउंड करता येईल का?’ निर्णय त्यांचा, पण न विचारता पुष्कळ ठिकाणी कुणी करत नाही. सोबत आणखी एक: खर्चाच्या कागदावर औषधाची छापील कमाल किंमत लावली आहे की रुग्णालयाचा प्रत्यक्ष दर, तेही विचारा. रिटुक्सिमॅब आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे कमाल किंमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. त्या कमाल किंमतीच्या खालीही ब्रँडनुसार बराच फरक पडतो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांना ‘केमो बसते का’ असं मोघम विचारू नका. ‘रिटुक्सिमॅबसह चॉप कुठल्या पॅकेजखाली बसतं आणि अँटीबॉडीचा खर्च त्यात धरला आहे का’ असं विचारा. मंजुरी पहिल्या सायकलच्या आधी घ्यायची असते. बिल भरून मग परत मागायची ही योजना नाही. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत ‘इम्युनोथेरपी – मोनोक्लोनल अँटीबॉडी’ अशी ओळ शोधा. विमा नियामकांनी आधुनिक उपचारांच्या यादीत ती घालायला लावली आहे, पण कंपन्यांना तिच्यावर उपमर्यादा ठेवता येते. ती उपमर्यादा आधी कळलेली बरी.

औषध रुग्णालयाच्या दुकानातून त्याच सकाळी घेतलेलं उत्तम. स्वस्त मिळतं म्हणून बाहेरून आणायचं ठरलंच तर ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं हे लक्षात घ्या. सगळे उन्हाला भितात, पण घात होतो तो बहुतेक वेळा गोठण्याने: फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक कुपीला थेट चिकटवला की औषध गोठतं, वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं आणि प्रथिनाची मात्र वाट लागलेली असते. पॅक आणि खोकं यांच्यामध्ये कापडाची जाड घडी ठेवा. कुपी हलवू नका. फेस आला की तेही प्रथिनाचं नुकसानच. बिल नसलेली कुपी कितीही स्वस्त असली तरी नको.

आता आईंची भीती. रिअॅक्शन येते हे खरं आहे. एकटं रिटुक्सिमॅब दिलेल्या रुग्णांत पहिल्या वेळी चारातल्या तिघांना कमीजास्त त्रास झाला होता. चौथ्या वेळेपर्यंत ते प्रमाण तीस टक्क्यांवर आलं. हे आकडे घाबरवणारे वाटतात, पण त्यात बहुतेक त्रास थंडी-ताप, खाज, अंगावर पित्त उठणं एवढाच असतो. कारण समजलं की भीती निम्मी होते. ही नेहमीची अॅलर्जी नव्हे. पहिल्या वेळी शरीरात बी-पेशी आणि लिम्फोमाच्या पेशी भरपूर असतात, त्या एकदम फुटू लागतात आणि त्यांतून सुटलेली रसायनं ताप आणतात. दुसऱ्या वेळी फुटायला तेवढ्या पेशीच उरलेल्या नसतात. म्हणून पहिल्या वेळी थंडी वाजली म्हणजे औषध सोसत नाही, असा निष्कर्ष काढून उपचार सोडू नका.

वय साठीच्या पुढे आणि गाठी मोठ्या असतील तर पहिल्या सायकलच्या आधी पाच-सात दिवस नुसतं प्रेडनिसोलोन देण्याची पद्धत आहे. गाठी थोड्या आकसतात, माणसाला तरतरी येते आणि पहिला दिवस सोपा जातो. अण्णांसाठी हे करायचं का, ते विचारून घ्या. गाठी भराभर फुटल्या की युरिक अॅसिड आणि पोटॅशियम चढून मूत्रपिंडावर ताण येतो, त्यासाठी अॅलोप्युरिनॉल आणि भरपूर पाणी.

त्या दिवशी सकाळी हलका नाश्ता चालतो, उपाशी राहायचं कारण नाही. बीपीच्या गोळीबद्दल आदल्या दिवशीच विचारा: सलाइन चालू असताना रक्तदाब उतरू शकतो, म्हणून आधीच्या १२ तासांतली गोळी पुष्कळदा थांबवतात. पण गोळी कुठली आहे यावर ते अवलंबून; काही गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं, तेव्हा मनाने नको. शुगरचं उलटं. प्रेडनिसोलोन पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅम असतं. सकाळची उपाशीपोटीची साखर ठीक दिसते आणि दुपारनंतर ती ३००-४०० वर जाते. ग्लुकोमीटर घ्या आणि त्या पाच दिवसांत दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री जेवणाआधी मोजा. आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा; काहींना तेवढ्यापुरतं इन्सुलिन लागतं.

सलाइनच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉल, एव्हिलसारखं अॅलर्जीचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड देतात. मग रिटुक्सिमॅब तासाला ५० मिलिग्रॅम या वेगाने सुरू होतं आणि दर अर्ध्या तासाला ५० ने वाढत जातं, जास्तीत जास्त ४०० पर्यंत. या हिशेबाने ६०० मिलिग्रॅम जायला विनाअडथळा सव्वातीन तास लागतात. मध्ये थांबावं लागलं तर पाच-सहा. पंपावर आकडा दिसतो तो मात्र मिलिलिटरचा, आणि इथेच गफलत होते. ६०० मिलिग्रॅम औषध ५०० मिलिलिटरमध्ये केलं असेल तर ५० मिलिग्रॅम म्हणजे ४२ मिलिलिटर. तेच ३०० मिलिलिटरमध्ये केलं असेल तर फक्त २५. त्यावर कुणी सवयीने ५० लावलं तर वेग दुप्पट झाला. तुम्ही पंपाला हात लावायचा नाही, पण सिस्टरना शांतपणे विचारा, ‘पिशवीत एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम आहे?’ चांगल्या सिस्टरना या प्रश्नाचा राग येत नाही.

त्रास व्हायचा तर तो बहुधा सुरू केल्यापासून अर्धा ते दोन तासांत होतो. अण्णांच्या पिढीची माणसं सांगत नाहीत, हीच खरी अडचण. घशात खवखव, कानामागे खाज, छातीत जड, पाठीत कळ, अंगावर काटा, यातलं काहीही झालं की लगेच बोलायचं हे त्यांना आदल्या रात्री बजावून ठेवा. जवळ बसायला आईंपेक्षा तुम्ही बरे. पहिल्या दोन तासांत चहाला जाऊ नका. हुडहुडी भरली तर सलाइन बंद करतात, एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन परत देतात, जोराची थंडी असेल तर पेथिडीन. सगळं निवळलं की आधीच्या निम्म्या वेगाने पुन्हा सुरू. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर येऊन रक्तदाब कोसळणं ही गंभीर लक्षणं. त्यांत अॅड्रेनालिनसकट सगळी तयारी हाताशी लागते. म्हणून पहिली सलाइन गावातल्या छोट्या दवाखान्यात ‘ओळखीचे डॉक्टर आहेत, घरच्यासारखं होईल’ म्हणून लावू नका. पहिली चांगली पार पडली की दुसरी तासाला १०० ने सुरू होते आणि सव्वादोन तासांत संपते.

कुणीतरी सांगेल की आता याहून नवी औषधं आली आहेत. आली आहेत. सीडी७९बी या खुणेला चिकटून केमोचं विष पेशीच्या आत सोडणारं पोलाटुझुमॅब आहे. आर-चॉपमधलं व्हिनक्रिस्टिन काढून ते घातलं तेव्हा दोन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ७०.२ वरून ७६.७ टक्के झालं, एकूण आयुर्मानात मात्र फरक दिसला नाही. ज्यांना सहज परवडतं त्यांनी डॉक्टरांशी बोलावं. शेत विकून पहिल्याच फेरीत घ्यावं असं आम्हाला वाटत नाही. एका हाताने लिम्फोमाची पेशी आणि दुसऱ्या हाताने शरीराची लढाऊ टी-पेशी धरणाऱ्या दुहेरी अँटीबॉडी, ग्लोफिटामॅब आणि एपकोरिटामॅब, आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियलच्या कामातून पुढे आलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली कार-टी पेशींची (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देणारी) नेक्सकार१९ ही थेरपी, हे आजार परतला किंवा दबलाच नाही तर बघायचे मार्ग आहेत. आजच त्यांच्या चौकशीत आठवडे घालवू नका. या आजारात पहिली सायकल लांबवणं परवडत नाही.

सायकल दर २१ दिवसांनी. दोन ते चार सायकलनंतर मधला स्कॅन आणि शेवटची झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी शेवटचा पेट स्कॅन. त्याआधी केला तर उपचाराने आलेली सूजच चमकते आणि उगाच धसका बसतो. या प्रकारात पुढे दोन वर्षं दर दोन महिन्यांनी रिटुक्सिमॅब चालू ठेवण्याने आयुष्य वाढत नाही. ती पद्धत फॉलिक्युलर लिम्फोमाची, म्हणजे पुन्हा तुमच्या ओळखीच्या गृहस्थांची. बी-पेशी भरून यायला सहा ते बारा महिने लागतात. तोवर घेतलेल्या लशी नीट लागू पडत नाहीत आणि जिवंत विषाणूंच्या लशी तर घ्यायच्याच नाहीत. बोलण्यात अडखळणं, विसरभोळेपणा, एका बाजूची ताकद जाणं असं हळूहळू वाढत गेलं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका. मेंदूत एक दुर्मिळ संसर्ग होऊ शकतो.

सगळ्यात जास्त सांभाळायचे ते प्रत्येक सायकलचे सातव्या ते चौदाव्या दिवसाचे दिवस. त्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. अण्णांच्या वयात केमोनंतर २४ तास उलटल्यावर पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम बहुतेक जण देतात. लिहून दिलं नसेल तर विचारा. घरात डिजिटल थर्मामीटर हवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर ताप म्हणजे रात्री दोन वाजतासुद्धा निघायचं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, कारण गोळीने आकडा उतरतो आणि जंतू तसेच वाढत राहतात. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. पुणे तुमच्यापासून लांब आहे, म्हणून घराजवळ रात्री रक्ताची तपासणी आणि शिरेतून अँटिबायोटिक दोन्ही देणारं रुग्णालय पहिल्या सायकलच्या आधीच गाठून ठेवा. तिथे दाखवायला एका कागदावर लिहा: आजाराचं नाव, आर-चॉप, शेवटच्या सायकलची तारीख, चालू गोळ्या, पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर. त्याची एक प्रत आईंजवळ द्या आणि एक गाडीच्या डिकीत ठेवा.